कानांत बोळे कोणीं घालावे?

अलीकडे सुशिक्षित घरांतून एक नवा दंडक रूढ होऊं पाहत आहे. घरांतील कोणी, मग तो पंचविशीचा मुलगा असो कीं पासष्टीचा निवृत्त हेडमास्तर असो, 'माझ्या कानांत सारखा आवाज होतो' असें म्हणाला, कीं त्याच्यावर दोन हुकूम तत्काळ सुटतात. पहिला असा कीं, तो हेडफोन आधीं फेकून दे. आणि दुसरा असा कीं, कानांत कापूस घालून स्वस्थ पडून राहा. हे हुकूम सोडणारांत वडील मंडळी असतात, शेजारी असतात, आणि सांगण्यास खेद वाटतो, क्वचित् वैद्यक जाणणारेही असतात. दोन्ही हुकूम प्रेमापोटीं निघालेले असतात याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु प्रेमापोटीं दिलेलें औषध तेवढ्यानेंच गुणकारी ठरत असतें, तर आमच्या देशांत रोगी शोधूनही सांपडला नसता. या दोन्ही उपदेशांच्या मुळाशीं एकच अज्ञान आहे, आणि त्याचा दंड भरावा लागतो तो कर्णनादानें गांजलेल्या माणसास. म्हणून या विषयावर थोडें स्पष्ट, आणि प्रसंगीं कडूही, लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कर्णनाद हें नांव आम्हीं बनविलेलें नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत तो आहे, आणि कर्णक्ष्वेड म्हणून त्याचा एक भाऊबंदही आहे. तेव्हां हा रोग मोबाइलनें जन्मास घातला, हा समज प्रथम टाकून द्यावा. बीथोवेननें १८०१ सालीं आपल्या एका जुन्या वैद्यमित्रास पत्र लिहून, कान रात्रंदिवस गुणगुणत असतात, अशी तक्रार केली होती. बोहेमियाचा संगीतकार स्मेताना यानें तर १८७६ सालच्या आपल्या पहिल्या चतुष्टय-वाद्यरचनेच्या अखेरच्या भागांत आपल्या कानांतील तो तीव्र, लांबट स्वर व्हायोलिनवर प्रत्यक्ष काढून दाखविला आहे. या दोघांपैकीं कोणीही हेडफोन लावून लोकलनें प्रवास केला नव्हता. आणि आज हा त्रास फारच थोड्यांस आहे असेंही नाहीं. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०२२ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत प्रौढांपैकीं सुमारें १४ टक्के लोकांस हा नाद ठाऊक असल्याचें, आणि सुमारें २ टक्क्यांस तो फारच दुःसह होत असल्याचें दिसून आलें. शंभर माणसांच्या पंगतींत दोघे जण रोज रात्रीं उशीवर डोकें टेकतांना भीतीनें टेकतात, असा याचा अर्थ आहे.

हा नाद म्हणजे 'मनाचा खेळ' असें म्हणून जे हात झटकतात, त्यांच्यासाठीं दोन शब्द. कानाच्या आंत, शंखाकृति पोकळींत, सुमारें पंधरा हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या लाटांनीं त्या हलतात आणि त्यांची वार्ता मज्जातंतूंवाटे मेंदूस पोंचते. मोठ्या आवाजानें किंवा वयोमानानें त्या मरतात, आणि मनुष्यांत त्या एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. पक्ष्यांत उगवतात, या एका बाबतींत कोंबडी मनुष्याहून भाग्यवान् आहे. वार्ता क्षीण झाली म्हणजे मेंदू आपल्या बाजूनें आवाज वाढवूं पाहतो, असा आजचा बहुमान्य तर्क आहे. रेडिओवर दूरचें स्टेशन नीट लागेना म्हणजे आपण आवाजाची कळ पिळतों, आणि गाण्याऐवजीं खरखरच अधिक ऐकूं येते, तसाच हा प्रकार. ही खरखर खरी आहे. ती फक्त शेजारच्यास ऐकूं येत नाहीं, एवढेंच.

आतां पहिला हुकूम पाहूं. हेडफोन कानाचा शत्रु आहे काय? आमचें उत्तर असें कीं, कानास शत्रु दोनच, आवाजाची तीव्रता आणि त्याची मुदत. तो आवाज कोणत्या दारानें आला याची कान मुळींच चौकशी करीत नाहीं. अमेरिकेंतील कामगार-आरोग्य संस्थेनें घालून दिलेलें प्रमाण असें कीं, ८५ डेसिबलचा आवाज दिवसांत ८ तासांहून अधिक ऐकूं नये. आणि त्यापुढें दर ३ डेसिबलांस मुदत निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, आणि १०० ला अवघीं १५ मिनिटें. करमणुकीच्या ऐकण्यासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें याहून कडक मर्यादा सुचविली आहे: प्रौढांस ८० डेसिबल आठवड्यास ४० तास, आणि मुलांस ७५. हा हिशेब आमच्या बाजारहाटाच्या हिशेबाहून अवघड नाहीं. पण तो कोणी मांडीत नाहीं; 'यंत्र वाईट' म्हणणें सोपें पडतें.

हिशेब मांडला म्हणजे काय दिसतें? जो मुलगा शांत खोलींत, शेजारीं कोणी बोललें तर ऐकूं येईल इतक्या बेतानें, तासभर भीमसेन जोशींची तोडी ऐकतो, त्याच्या कानास कांहींही अपाय नाहीं. तोच मुलगा विरारच्या गाडींत दाराशीं उभा राहून, खडखडाटाच्या वर गाणें यावें म्हणून कळ शेवटापर्यंत सरकवितो, तेव्हां घात होतो. दोष हेडफोनाचा नव्हे, गाडीच्या आवाजाशीं चाललेल्या त्या शर्यतीचा. म्हणूनच जे हेडफोन बाहेरचा आवाज स्वतःच खोडून काढतात, ते अशा ठिकाणीं खरोखर उपयोगी आहेत. कारण शर्यतच उरत नाहीं, आणि कळ अर्ध्याखालीं ठेवूनही शब्द कळतात. मात्र येथें दुकानदारांस थांबविलें पाहिजे. गाडीची घरघर, विमानाची घोंघ, पंख्याचा घुमारा असे सलग खालच्या पट्टींतील आवाज हीं यंत्रें चांगलीं खोडतात. फटाक्याचा बार किंवा ताशाचा तडाखा त्यांच्या हिशेबांत बसत नाहीं. त्यांस कानाचें चिलखत म्हणून विकणें ही फसवणूक आहे. आणि हाडांतून ऐकविणाऱ्या हेडफोनांविषयीं जो बोभाटा चालला आहे, कीं कानाच्या भोकांत कांहीं जात नाहीं म्हणून कान सुरक्षित, तो तर केवळ हास्यास्पद. ध्वनि हाडांतून गेला तरी शेवटीं पोंचतो त्याच केशपेशींपाशीं. मागच्या दारानें आलेला चोर चोरच नव्हे काय?

पण कर्णनाद्यास हेडफोन नुसता निरुपद्रवीच नव्हे, तर कित्येकदां तो त्याचा मोठा आधार असतो. आणि हें न कळल्यामुळेंच पहिला हुकूम आम्हांस क्रूर वाटतो. रात्रीं घर निजलें, रस्ता शांत झाला, कीं या माणसाचा नाद सुरू होतो. किंबहुना तो दिवसभर होताच, पण आतां त्यास प्रतिस्पर्धी उरत नाहीं. अशा वेळीं पावसाची संततधार, नदीचा खळखळाट, किंवा एखादें मंद वाचन हलक्या आवाजांत चालू ठेवलें, तर त्या नादाची धार बोथट होते आणि झोंप लागते. हा आवाज नादाहून मोठा असण्याचें कारण नाहीं. नादास सोबत मिळाली कीं पुरे. यासाठीं उशीखालचा लहानसा लाउडस्पीकर चालतो. हेडफोनच हवा असेल, तर पाठीस जाळी असलेला, बाहेरची हवा व बाहेरचा ध्वनि आंत येऊं देणारा घ्यावा. कानाच्या भोकांत बुचासारखे घट्ट बसणारे घेऊं नयेत. कारण गाणें थांबलें तरी बूच राहतेंच, आणि बुचामागें नाद अधिकच घुमतो. हा भेद कोणत्याही दुकानांत कोणी समजावून सांगत नाहीं. तेथें फक्त रंग आणि बॅटरी किती तास चालते हें सांगतात.

आतां दुसरा हुकूम. याविषयीं आम्हांस अधिक बोलावयाचें आहे, कारण पहिल्यानें माणसाचा दिलासा जातो, आणि दुसऱ्यानें त्याचा रोग वाढतो.

आमच्या परिचयाच्या एका वकिलांस कर्णनाद जडला. त्यांनीं एकदां 'आवाजापासून जपा' असा सल्ला ऐकला, आणि तो त्यांनीं वकिलाच्या काटेकोरपणानें पाळला. सकाळीं उठल्यापासून बोळे, जेवतांना बोळे, पक्षकार समोर बसला असतांही बोळे. दीड-दोन वर्षांनीं अशी अवस्था झाली कीं, बशीवर चमचा वाजला तरी ते दचकून उठत, आणि कुकरची शिट्टी होणार म्हटली कीं घराबाहेर जाऊन उभे राहत. घरच्यांस वाटे कीं रोग बळावला. रोग बळावला नव्हता. कान अंधारकोठडींत ठेवला होता, आणि कोठडींतून निघालेल्यास उजेड जसा टोंचतो तसा त्यास आवाज टोंचत होता.

ही आमची कल्पना नव्हे. १९५३ सालीं अमेरिकेंत हेलर व बर्गमन या दोघांनीं, ऐकण्यांत कांहींही दोष नसलेल्या ८० माणसांस एका आवाजबंद खोलींत बसवून, काय ऐकूं येतें तें लिहावयास सांगितलें. त्यांपैकीं ९४ टक्के लोकांनीं कसला ना कसला नाद ऐकला. म्हणजे पुरेशी शांतता मिळाली तर आपणां बहुतेकांच्या कानांत कांहीं तरी वाजतेंच. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याहूनही बोलका आहे. १८ निरोगी माणसांनीं एका कानांत सात दिवस बोळा घालून ठेवला, आणि त्यांतील १४ जणांस नसलेले आवाज ऐकूं येऊं लागले. बोळा काढल्यावर ते नाहींसे झाले. २००३ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगांत कांहींनीं दोन आठवडे बोळे वापरले, आणि कांहींनीं तितकेच दिवस कानाशीं मंद सरसर करणारें यंत्र वापरलें. बोळेवाल्यांस नेहमींचे आवाज पूर्वीहून मोठे वाटूं लागले. सरसरवाल्यांची सहनशक्ति उलट वाढली. इतकें असतां, कर्णनाद झाला कीं कापूस घालून पडून राहा, असें सांगणें म्हणजे आगींत सांपडलेल्यास रॉकेलनें न्हाऊं घालण्यासारखें आहे.

असें कोणी विचारील कीं, मग स्वयंपाकघरांतील मिक्सरचें काय? त्याचा आवाज तर भयंकर. भयंकर खरा, पण हिशेब पुन्हां मांडावा. मिक्सर ८८ डेसिबल करतो असें धरलें, तर ४ तासांची मुभा आहे. चटणीस पांच मिनिटें लागलीं, तर दिवसाच्या मर्यादेचा अठ्ठेचाळिसावा भाग खर्च झाला. त्रासदायक आवाज आणि अपायकारक आवाज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्याचे कान हळवे झाले आहेत त्यानें त्या पांच मिनिटांपुरतें दुसऱ्या खोलींत जावें. त्यासाठीं अख्खा दिवस बोळे घालून बसूं नये.

मग बोळे घालावे कोणीं आणि केव्हां? येथें मात्र आमच्या सुशिक्षित समाजाची वागणूक अगदीं उलटी आहे. जेथें बोळ्यांचें कारण नाहीं तेथें तो ते घालावयास लावतो, आणि जेथें त्यांवांचून उभें राहणें हा वेडेपणा, तेथें कोणी ते घातले तर हंसतो. विसर्जनाच्या मिरवणुकींत लक्ष्मी रस्त्यावर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं वर्षानुवर्षें आवाज मोजले आहेत, आणि शंभर डेसिबलच्या आगेमागेचे आंकडे त्यांत वारंवार आढळले आहेत. शंभरास १५ मिनिटें, हें वर सांगितलेंच आहे. सहा तास त्या गर्दींत उभा राहणारा मनुष्य एका रात्रींत २४ दिवसांची मर्यादा उडवितो. आणि भिंतीएवढ्या लाउडस्पीकरांच्या पुढें, बापाच्या खांद्यावर बसून, तीन वर्षांचें मूल टाळ्या वाजवीत असतें! याच घरांत दुसऱ्या दिवशीं थोरल्या मुलास 'तो हेडफोन काढ, कान जातील' असा दम दिला जातो. लग्नाच्या हॉलांत तर याहून मौज. पाहुणे एकमेकांच्या कानांत ओरडून क्षेमकुशल विचारतात, आणि जो शहाणा गृहस्थ खिशांतून दोन बोळे काढतो, त्याच्याकडे वधूपक्ष असा पाहतो कीं जणूं त्यानें आहेर परत मागितला.

चष्मा लावण्यांत एके काळीं आमच्या मुलींस लाज वाटत असे, लग्न मोडेल अशी भीति असे, ती गेली. पण कानाच्या रक्षणांत अजून दुबळेपणा दिसतो. ढोल-ताशांच्या पथकांतून हजारों मुलें-मुली दरवर्षीं दोन-दोन महिने सराव करतात. त्यांच्या तालाचें, त्यांच्या शिस्तीचें आम्हांस कौतुकच आहे. आणि ढोल बंद करा असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हे. पण कानांत कापसाचा बोळा कोंबून संरक्षण झालें असें समजणारांस सांगितलें पाहिजे कीं, कोरडा कापूस आवाज फारच थोडा अडवितो. फोमचा बोळा घ्यावा. बोटांनीं वळून बारीक करावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळ वर आणि मागें ओढावी. मग तो आंत सरकवून फुगेपर्यंत बोटानें धरून ठेवावा. अर्धा बाहेर लोंबणारा बोळा केवळ शोभेचा. वेष्टनावर ३० डेसिबल छापलेले असले तरी ढिसाळ घातल्यास त्याच्या निम्मेही पदरांत पडत नाहींत. गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांसाठीं तर १९८८ पासून असे बोळे मिळतात, कीं जे वरच्या व खालच्या सर्व पट्ट्या जवळजवळ सारख्याच, सुमारें १५ डेसिबलनीं, उतरवितात; त्यामुळें सूर बिघडत नाहीं, फक्त दूर गेल्यासारखा वाटतो. पंधरा डेसिबल म्हणजे काय? शंभराचे पंच्याऐंशी, आणि १५ मिनिटांचे ८ तास. ज्यास कर्णनाद आधींच आहे त्यानें तर असे दोन बोळे किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर सदैव जवळ बाळगावे, म्हणजे मिरवणूक, लग्न, नाटक यांस तो मुकणार नाहीं. त्यास घरांत कोंडूं नये.

येथवर आम्ही रोग्याशीं आणि त्याच्या घरच्यांशीं बोललों. परंतु सगळा भार त्यांच्यावरच टाकणें हा अन्याय होईल. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधील ख्रिस्टोफर गोल्डशायडर या व्हायोलावादकाचें प्रकरण या दृष्टीनें फार उद्बोधक आहे. २०१२ सालीं वाग्नरच्या एका संगीतनाट्याच्या तालमींत त्याच्या पाठीमागेंच पितळी वाद्यें बसविलीं होतीं. आवाजाचे उच्चांक १३० डेसिबलच्या वर गेले आणि त्याच्या कानांस कायमची इजा झाली. संस्थेनें बोळे पुरविले होते. शिवाय तिचें म्हणणें असें कीं, उत्तम कला हवी तर आवाज होणारच. २०१८ सालीं उच्च न्यायालयानें तें मान्य केलें नाहीं, आणि २०१९ सालीं संस्थेचें अपीलही फेटाळलें गेलें. बोळे हातावर ठेवले म्हणजे धन्याचें कर्तव्य संपलें, हा युक्तिवाद तेथें टिकला नाहीं. आमच्याकडे अजून बोळे हातावर ठेवण्यापर्यंतही मजल गेलेली नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी वस्तींत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण त्याच नियमांच्या आधारें वर्षांतून १५ दिवसांपर्यंत रात्रीं दहा ते बारा लाउडस्पीकर चालविण्याची सवलत राज्य सरकारास देतां येते. आणि त्या सवलतीचा लोकांनीं जो अर्थ लावला आहे, तो असा कीं त्या रात्रीं डेसिबलच नसतात!

डॉक्टरमंडळींविषयीं थोडक्यांतच बोलूं. 'याला औषध नाहीं, सवय करून घ्या' हें वाक्य खोटें नाहीं, अपुरें आहे. हा नाद नाहींसा करणारें म्हणून मान्यता पावलेलें औषध आजमितीस नाहीं, हें खरें. म्हणूनच जे तेलाचे थेंब आणि गोळ्या विकतात त्यांच्या दारांत जाऊं नये. परंतु ऐकूं कमी येत असेल तर श्रवणयंत्रानें नादही पुष्कळदां मागें हटतो. आणि नादाची भीति व त्याजबद्दलचे विचार बदलण्याची जी मानसोपचाराची पद्धति आहे, तिनें त्रास कमी होतो असें प्रयोगांनीं दिसलें आहे. 'सवय करा' म्हणणारानें ती कशी करावी हेंही सांगावें. आणि नाद एकाच कानांत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, किंवा कान एकाएकीं बंद झाला असेल, तर सवयीचें नांवही न काढतां नीट तपासणी करावी. एकाएकीं ऐकूं येईनासें झालें तर ती तपासणी त्याच दिवसा-दोन दिवसांत झाली पाहिजे. उशिरानें उपचाराचा उपयोग घटतो.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. फोमच्या बोळ्यांची जोडी चहाच्या कपाहून फारशी महाग पडत नाहीं, आणि मंडपाच्या रोषणाईपुढें तिचा खर्च हिशेबांत दिसणारही नाहीं. लग्नाच्या हॉलवाल्यानें दाराशीं अत्तर-गुलाबाच्या तबकांत बोळ्यांची एक वाटी ठेवावी. पथकांचे सराव गणपतीआधीं दोन महिने नदीकाठीं सुरू होतात. ज्या आईबापांचीं मुलें त्यांत नांवें घालणार आहेत, त्यांनीं पहिल्याच दिवशीं पथकप्रमुखांस विचारावें कीं, गणवेशाच्या पैशांत बोळे धरले आहेत कीं नाहींत. धरले नसतील तर आपल्या मुलांबरोबर शेजारच्या मुलांसाठींही एकेक जोडी पाठवावी, आणि ताशेवाल्यांस ती आधीं द्यावी, कारण ढोलाच्या घुमाऱ्याहून ताशाचा तडतडाट अधिक तीव्र, आणि तो वाजविणाऱ्याच्या कानापासून दोन हातांवर असतो.